ओला, सुका आणि चांदणी

गिरिधर घाटोळेंनी खुर्चीत रेलून सुटकेचा मोठ्ठा श्वास सोडला, बूट काढले, पाय लांब केले आणि टेबलाखालच्या खोक्यावर टेकवले. पुढच्याच क्षणी ते असे उडाले, जणू खोक्यात विंचू होता.

विंचू परवडला असता. खोक्यात 'चांदणी' होती.

'चांदणी' म्हणजे रूपकळा कॉस्मेटिक्सची नवी फेस क्रीम. दिसायला लोण्यासारखी, वासाला मोगऱ्यासारखी, आणि डबी तर अशी गोंडस की रिकामी झाली तरी कोणी फेकणार नाही. पण या एका लॉटमध्ये काहीतरी बिनसलं होतं. क्रीम लावली की दोन तास काहीच होत नसे, मग चेहरा हळूहळू जांभळा व्हायला लागे. फिकट वगैरे नाही, भरताच्या वांग्यासारखा! तपासणी विभागातल्या एका मुलीनं हाताला लावून पाहिली, तर बिचारी आठवडाभर हातमोजे घालून फिरली. मग अख्खा लॉट 'घातक कचरा' ठरला, आणि घातक कचरा हे खातं गिरिधररावांचं. मुदत संपलेल्या लिपस्टिक, फुटक्या नेलपॉलिशच्या बाटल्या, केसांच्या रंगाचे वाया गेलेले ड्रम, सगळं सील करायचं आणि जाळायला नेणाऱ्या पिवळ्या गाडीत चढवायचं. आज दुपारीच गाडी गेली होती आणि त्यांनी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "सर, चांदणीची एक डबीसुद्धा राहिली नाही."

"बरं झालं," साहेब म्हणाले होते. "उद्या हेड ऑफिसचे लोक येताहेत, कपाटन्‌कपाट उघडून बघतील. आणि बाहेर कुठे एक जरी डबी सापडली ना घाटोळे, तर पुढच्या गाडीत तुम्हाला चढवतो."

एक कुठली, चांगल्या दोन डझन होत्या! ज्या खोक्यावर ते महिनाभर पाय ठेवून डबा खात होते, ते खोकं गाडीत चढवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कारण ते आता खोकं राहिलं नव्हतं, फर्निचर झालं होतं.

गाडी उरलेले ड्रम न्यायला शनिवारी सकाळी परत येणार होती. आज गुरुवार. तोवर खोकं घरी न्यायचं, शनिवारी गुपचूप आणून गाडीत टाकायचं, विषय संपला. प्रश्न फक्त गेटवरच्या सिक्युरिटीचा. गिरिधररावांना कपाटात दिवाळीच्या भेटवस्तूंचा उरलेला सोनेरी कागद सापडला. त्यांनी खोक्याला तो नीट गुंडाळला, वर लाल रिबिनीचं फूलही चिकटवलं.

"वहिनीसाठी का जी?" सिक्युरिटीनं हसून विचारलं.

"हो ना," गिरिधरराव म्हणाले, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन हिंगण्याच्या कारखान्यातून मनीषनगरातल्या सोसायटीपर्यंत स्कूटरवर गुणगुणत आले.

घरी नेमकं संक्रांतीचं हळदीकुंकू. दारातच कामिनीनं त्यांना अडवलं. "आत्ता कायले आले? बाया येऊन राहिल्या! आठच्या आधी तोंड दाखवू नका!"

"दोन मिनिटं. फक्त..."

"दोन मिनिटं बी नाही!"

हळदीकुंकवात नवऱ्याचं काम एकच असतं, घरात नसणं. गिरिधररावांनी कामिनीची पाठ फिरल्याबरोबर हॉलमधल्या दिवाणाची फळी उचलली, खोकं आत सरकवलं आणि ते चहाच्या टपरीकडे निघून गेले. काही सांगायचं राहिलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरात मात्र आणीबाणी उभी राहिली. कामिनीनं वाणासाठी इतवारीच्या बाजारातून साबणदाण्या आणल्या होत्या, अगदी मोजून. पण बी विंगमधल्या बायका आपापल्या पाहुण्या घेऊन आल्या. हॉल भरला, बेडरूम भरली, आणि साबणदाण्या संपल्या.

"आत्याबाई, आता काय करू?" कामिनीचा चेहरा रडवेला झाला. आत्याबाई म्हणजे मनकर्णा आत्या, गिरिधररावांची थोरली बहीण; लेकीची आत्या म्हणून घरात सगळ्यांच्याच आत्याबाई. सणासाठी उमरेडहून आल्या होत्या. घरात कुठे काय ठेवलंय हे घरातल्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असे. त्यांनी थेट दिवाण उघडला.

"कामिनी! वं कामिनी! हे काय वं सोन्यासारखं?"

रिबीन सुटली, कागद निघाला, मोगऱ्याचा वास सुटला.

"पाह्य तं!" आत्याबाईंनी डबी नाचवली. "आमच्या गिरधरनं तुह्यासाठी आणून ठेवलं, अन् सांगतलं बी नाही! मी म्हणत होती ना, पोट्टा समजदार आहे म्हणून!"

कामिनीचे डोळे भरून आले. सोळा वर्षांच्या संसारात या माणसानं न सांगता कधी साधी टिकलीची पाकिटंही आणली नव्हती. मागच्या वाढदिवसाला आणली होती ती कुकरची रिंग. आणि आज, तिची लाज जायची वेळ आली तेव्हा, फुलाची रिबीन लावून वाण! तिनं मान ताठ केली आणि एकेकीच्या हातात डबी ठेवत सांगितलं, "आमच्या यांनी आणली. कंपनीची आहे, खास."

आठ वाजता गिरिधरराव परतले, तर ताटात पाटोडीची भाजी. त्यांच्या आवडीची, रस्सा लालभडक, वर तर्री.

"अजून वाढू?" कामिनीनं असं विचारलं की ते जरा घाबरलेच.

"आज काय आहे बा?"

"नाटक नका करू जी. सगळ्या बायांनी तुमची तारीफ केली. समोरच्या यमुताई तं म्हणे, असा नवरा नशिबानं मिळते."

गिरिधररावांची नजर दिवाणावर गेली. दिवाणावर सोनेरी कागद होता, नीट चौकोनी घडी घातलेला. घरात गिफ्टचा कागद कोणी फाडत नसे, टाकत तर अजिबात नसे. घास घशात अडकला. पाटोडी तिखट होती म्हणून ठसका लागला असं कामिनीला वाटलं. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगितलं.

आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला.

"म्हणजे," कामिनी म्हणाली, "माह्यासाठी नव्हती आणली?"

"अवं, मनीषनगरच्या अर्ध्या बाया जांभळ्या होणार आहेत! माही नोकरी जाणार आहे! अन् तू..."

"नव्हती ना आणली?"

गिरिधररावांनी मान खाली घातली. तिनं पाटोडीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"बाबा, घाबरू नका. मी आहे ना," रितिका म्हणाली. रितिका त्यांची मुलगी, नववीत होती. गेल्याच महिन्यात तिनं आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा कप आणला होता. तेव्हापासून तिची पक्की समजूत होती, की जगातला कुठलाही प्रश्न बोलून सुटतो, फक्त आत्मविश्वास पाहिजे.

"तू थांब. मीच मागून आणतो," म्हणत गिरिधरराव समोरच्या दारावर गेले. यमुताईंनी दार उघडलं.

"ताई, ते वाण..."

"किती गोड डबी आहे हो!"

"ती जरा परत..."

यमुताईंचे डोळे विस्फारले. "परत? अवं माय! सवाष्णीले देल्लेलं वाण परत मागून राहिले?"

आतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. "कोण? घाटोळे का? तुमच्या ओल्या कचऱ्यात काल पेनाचं टोपण सापडलं!" वामनराव सोसायटीचे सेक्रेटरी होते. रोज सकाळी काठीनं प्रत्येकाच्या बादलीत ढवळून ओला आणि सुका कचरा तपासणं हे त्यांनी आयुष्याचं ध्येय केलं होतं, आणि महापालिकेपासून पेपरवाल्यांपर्यंत तक्रारअर्ज लिहिणं हा त्यांचा छंद होता. गिरिधररावांनी "माफ करा, तिळगूळ घ्या" असं काहीतरी पुटपुटत पळ काढला.

घरी येऊन बघतात, तर रितिकानं मोबाइल उंच धरला होता. "झालं! सोसायटीच्या 'सखी मंच' ग्रुपवर टाकलं आईच्या नावानं. ऐका. 'सख्यांनो, आज वाणात मिळालेल्या चांदणी डबीच्या बुडाशी लकी नंबर आहे. डबी अजिबात न उघडता उद्या संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये घेऊन या. उघडलेली डबी बाद. बक्षीस, पैठणी!' आता कोणी उघडणार नाही आणि सगळ्या आपणहून आणतील. आहे की नाही?"

आयडिया खरंच झकास होती. गिरिधररावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांचा हात मध्येच थांबला.

"पैठणी कोणाची?"

रितिकानं आईकडे पाहिलं. कामिनीकडे एकच पैठणी होती, मोरपंखी, तिच्या माहेरची.

"घ्या," कामिनी म्हणाली. "नाही तरी मले कोण काय आणून देऊन राहिलं."

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. ज्यांना साबणदाणी मिळाली होती, त्यांनी आघाडीच उघडली. 'आम्हाले साबणदानी आणि त्यांना लकी ड्रॉ?' 'आम्ही काय सोसायटीत फुकट राहतो?' 'कामिनीताई, हा भेदभाव बरा नाही.' रात्री बी विंगमध्ये एका डबीला दोन साबणदाण्या आणि स्टीलची वाटी असा भाव फुटल्याची बातमी आली. ज्या डब्या कपाटात पडून राहिल्या असत्या, त्या आता देवघरात, लॉकरमध्ये, तांदळाच्या डब्यात लपल्या.

शुक्रवारी ऑफिसात हेड ऑफिसचे लोक आले. कपाटं उघडली, ड्रॉवर ओढले. एक जण वाकून टेबलाखाली बघू लागला.

"इथे काय आहे?"

"पाय, सर," गिरिधरराव म्हणाले. "माझेच आहेत."

तिकडे सोसायटीत एक नवलच घडलं. कचऱ्याच्या बादल्यांपाशी सकाळी वामनराव आलेच नाहीत. कोणाच्या तरी सुक्या कचऱ्यात केळीचं साल दिवसभर उघडं पडून होतं आणि कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डबीवाल्या एका बाजूला, साबणदाणीवाल्या दुसऱ्या बाजूला, मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर माइक घेऊन रितिका. पैठणी टेबलावर. कामिनी त्या साडीकडे बघत नव्हती. गिरिधरराव ऑफिसातून थेट तिथेच आले आणि रितिकानं आणलेलं रिकामं खोकं घेऊन खांबाआड उभे राहिले. एकेक डबी येत होती. सील शाबूत! दहा... पंधरा... वीस... रितिकाचा आवाज चढत गेला. तेवीस!

चोविसावी आलीच नाही.

"यमुताई, तुमची?"

यमुताई उठल्या, आणि त्यांचा चेहरा बघूनच रितिकानं माइक खाली घेतला. "माही डबी गायब आहे. रात्री आरशापाशी ठेवली होती. सकाळी पाह्यलं तं नाही. चोरी झाली!"

"चोरी!" पार्किंगभर शब्द फिरला.

"घरात बाहेरचं कोण येते?" कोणीतरी विचारलं.

सगळ्या माना एकदम वळल्या. कोपऱ्यात पंचफुला उभी होती. यमुताईंकडे धुणीभांडी करायची. गंमत बघायला थांबली होती. तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"माय शप्पथ, मी नाही वं! मी तं आरशाकडे गेली बी नाही!"

"पिशवी दाखव तं," एक जण म्हणाली.

रितिकानं बाबांकडे पाहिलं. बाबा खांबाआडून हातानं खुणा करत होते, बोलू नको, बोलू नको. मग त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं. ती वाकून पिशवीतली भाजी एकेक करून फरशीवर मांडत होती, मेथीची जुडी, दोन वांगी. त्यांचा हात हळूच खाली गेला. त्यांनीच मान हलवली. बोल.

"थांबा!" रितिका माइकमध्ये एवढ्या जोरात ओरडली की माइक किंचाळला. "पंचफुलाताईनं काही घेतलं नाही. लकी ड्रॉ खोटा आहे! म्हणजे पैठणी खरी आहे, पण नंबर खोटे आहेत. आणि डबी... डबी म्हणजे कचरा आहे. घातक कचरा. कंपनीनं जाळायला काढलेला. ती क्रीम लावली की माणूस जांभळा होतो. बाबांनी लपवून ठेवली होती, आत्याबाईंनी दिवाण उघडला, आईला वाटलं सरप्राइज आहे, आणि..." इथे कप जिंकलेल्या वक्त्याचा आवाज चक्क फाटला. "कोणी लावली नाही ना? प्लीज सांगा!"

पार्किंगमध्ये जो कल्ला झाला, तो मेट्रो स्टेशनपर्यंत गेला असणार.

"विष वाटलं!"

"पण लावली का कोणी?" गिरिधरराव खांबाआडून बाहेर येत हात जोडून म्हणाले.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. सी विंगमधली एक जण जरा लाजून म्हणाली, "लावतो कायले? मी तं माह्या हळदीकुंकवाले द्यायले ठेवली होती."

"मी बी," दुसरी म्हणाली.

"मी तर वहिनीला द्यायला."

एकीनंही डबी उघडलेली नव्हती! लकी ड्रॉमुळे नाही, त्याच्याही आधी, घरी नेल्या नेल्या प्रत्येकीनं ती पुढे सरकवायच्या कप्प्यात ठेवली होती. आख्खं मनीषनगर वर्षानुवर्षं हेच करत होतं. गिरिधरराव ऑफिसात 'पुनर्वापर' म्हणून ज्याच्यासाठी बैठका घेत, ते या बायकांनी न बोलता करून दाखवलं होतं. हसू फुटायला लागलं. पण यमुताई हसल्या नाहीत.

"हसता काय? माही डबी कुठे आहे मग? यांना बोलवा. हे कंपनीले तक्रार करतील, पेपरात देतील, घाटोळेले सोडणार नाहीत!"

गिरिधररावांना डोळ्यांसमोर पिवळी गाडी दिसली, आणि गाडीत ड्रमांच्या मध्ये बसलेले स्वतः.

वामनराव आले. डोक्याला माकडटोपी, तोंडावर मफलर, डोळ्यांवर काळा गॉगल. थंडी होती, पण एवढी नव्हती.

"दिवसभर बेडरूमचं दार लावून बसले होते," यमुताई म्हणाल्या. "म्हणे सर्दी झाली. अहो, लिहा अर्ज! माही डबी..."

"अर्ज कायले?" मफलरमधून आवाज आला. "जाऊ दे ना."

जाऊ दे! वामनराव म्हणाले जाऊ दे! आत्याबाई पुढे झाल्या. त्यांना वयामुळे सगळं माफ होतं. "काहून गा भाऊ, तोंड काहून झाकलं?" असं म्हणत त्यांनी मफलर खाली ओढला.

भरताचं वांगं. अगदी देठासकट, कारण वर हिरवी माकडटोपी होती.

आधी पंचफुलाच खुदकन हसली, आणि तिच्या पाठोपाठ सगळं पार्किंग.

"सव्वीस जानेवारीले झेंड्याचा फोटो काढतात," वामनराव फरशीकडे बघत म्हणाले. "गाल फुटले होते थंडीनं. म्हटलं, थोडीशी लावून पाहावी."

"थोडीशी?" यमुताई ओरडल्या. "मानेपर्यंत आहे! अन् मी त्या गरीब बाईले..." त्या पंचफुलाजवळ गेल्या आणि खाली बसून तिची मेथी पिशवीत भरू लागल्या. "माफ कर वं. माह्याच घरात चोर निघाला."

"वामनराव, खाज सुटते का?" गिरिधररावांनी काळजीनं विचारलं.

"सुटून राहिली थोडी."

"खोबरेल तेल लावा. आठवडाभरात जाते. झेंड्यापर्यंत गोरे व्हाल. पण ती डबी? डबी कुठे आहे?"

वामनरावांनी स्वेटरच्या खिशातून हळूच डबी काढली. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सकाळपासून खिशात घेऊन बसलो बेडरूममध्ये. टाकून देणार होतो. पण घाटोळे, समजतच नाही हो... ही ओल्यात टाकायची की सुक्यात?"

"दोन्हीत नाही," गिरिधररावांनी डबी अशी छातीशी धरली की जणू हरवलेलं लेकरू. "हिच्यासाठी वेगळी गाडी येते."

"अच्छा! तिसरा प्रकार!" जांभळ्या चेहऱ्यावर नव्या ज्ञानाचा उजेड पडला. "मग अर्जाचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही बी कोणाले सांगू नका. अन् पेनाच्या टोपणाचं मी विसरलो."

सगळं मिटलं असं वाटत असतानाच साबणदाणीवाल्यांकडून आवाज आला, "ते सगळं ठीक आहे, पण लकी ड्रॉ होणार की नाही? आता सगळ्यांचा करा!" या मागणीवर दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा एकमत झालं. चिठ्ठ्या झाल्या, रितिकानं डोळे मिटून एक उचलली, उघडली आणि कपाळाला हात लावला.

पैठणी मनकर्णा आत्यांना लागली.

"पाह्य बापा," आत्याबाई पदर खोचत पुढे आल्या, "मी म्हणतच होती, दिवाण उघडला ते बरंच झालं." शनिवारी सकाळी त्या पैठणी पिशवीत घालून उमरेडच्या एसटीत बसल्यासुद्धा.

त्याच सकाळी चोवीस डब्या, त्यातली एक अर्धी, सील होऊन पिवळ्या गाडीत चढल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत गिरिधरराव हात हलवत राहिले. मग ते खुर्चीत बसले, बूट काढले, पाय लांब केले. पाय धप्पकन फरशीवर पडले. फरशी गारगार होती. इतकं बरं त्यांना किती दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले ते बेल न वाजवता, जरा बिचकतच. हातात खोकं होतं. सदर भागातल्या एका दुकानातून आणलेलं, आणि वर तोच घडी पडलेला सोनेरी कागद; सकाळी निघताना त्यांनी तो गादीखालून हळूच काढून नेला होता. लाल फूलही लावलं होतं, थोडं वाकडं.

"हे... तुह्यासाठी आहे," ते खोकं टेबलावर ठेवत म्हणाले. "कोणी सांगतलं नव्हतं. मीच आणलं."

रितिकानं आईकडे पाहिलं. कामिनीनं खोक्याकडे पाहिलं. कोपऱ्यातून साडीचा मोरपंखी काठ दिसत होता. तिच्या ओठांशी हसू आलं, ते तिनं निग्रहानं आत ढकललं, हातातल्या चिमट्यानं खोकं टेबलाच्या मधोमध सरकवलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "आधी हे सांगा जी, ओल्यातलं आहे, सुक्यातलं आहे, की गाडी बोलवू?"